मिनी स्ट्रोकचा संशय आल्यानंतर: औषधे, आहार आणि घरातील व्यवस्था

बोलता बोलता जीभ जड होणे, ओठाचा एक कोपरा खाली ओढला जाणे, एका हातातील शक्ती अचानक जाणे किंवा एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखा अंधार येणे आणि दहा-पंधरा मिनिटांत हे सगळे पूर्ववत होणे, याला डॉक्टर टीआयए म्हणतात आणि बोलण्यात मिनी स्ट्रोक हा शब्द रुळला आहे. मेंदूच्या एखाद्या भागाकडे जाणारे रक्त गुठळीमुळे थोडा वेळ अडते आणि ती गुठळी विरघळल्यामुळे किंवा पुढे सरकल्यामुळे पुन्हा वाहू लागते. लक्षणे गेली की घरातली माणसे पित्त, ऊन, जागरण किंवा ‘वारे’ यांपैकी एखाद्या कारणावर बोट ठेवून विषय मिटवतात आणि रुग्ण संध्याकाळी पुन्हा आपल्या कामाला लागतो. खरे तर त्याच वेळी सर्वांत जास्त सावध राहायला हवे असते, कारण टीआयएनंतरच्या ९० दिवसांत ज्यांना पूर्ण पक्षाघाताचा झटका येतो, त्यांच्यातील मोठ्या वाट्याला तो पहिल्या दोन दिवसांतच येतो.

पुढील मार्गदर्शन गोव्यातील रुग्णासाठी जितके आहे, तितकेच त्याच्या घरच्यांसाठीही आहे. एकट्या रुग्णाच्या निश्चयावर सोडलेले पथ्य चतुर्थीपर्यंतसुद्धा टिकत नाही, तर घराच्या रोजच्या व्यवस्थेत बसवलेले पथ्य वर्षानुवर्षे चालते, अशी माझी धारणा आहे आणि या लेखाची मांडणी त्याच धारणेवर केली आहे.

लक्षणे गेली तरी रुग्णालय

वर सांगितल्यासारखा प्रसंग गेल्या काही दिवसांत घडला असेल आणि अद्याप तपासणी झाली नसेल, तर पुढचे वाचन बाजूला ठेवून आजच रुग्णालयात जावे. लक्षणे चालू असतील तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा जिथे चोवीस तास सीटी स्कॅनची सोय आहे असे जवळचे रुग्णालय गाठणे हे गावातील दवाखान्यात आधी रक्तदाब मोजून घेण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. काही निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंत करता येतो. म्हणून माणूस शेवटचा पूर्णपणे ठीक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

काही गोष्टी मुळीच करू नयेत. तोंडात पाणी, साखर किंवा काढा घालू नये, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास तो घोट श्वासनलिकेत जातो. वाढलेला रक्तदाब झटपट खाली आणण्यासाठी जिभेखाली गोळी देऊ नये, कारण अडलेल्या भागाला मिळणारे उरलेसुरले रक्तही त्यामुळे कमी होऊ शकते. बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढण्याचा सल्ला मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याला कसलाही आधार नाही आणि त्यात जाणारा वेळ परत मिळत नाही. घरात ॲस्पिरिन आहे म्हणून ती स्वतःहून देणेही योग्य नाही, कारण हीच लक्षणे मेंदूतील रक्तस्रावानेही होतात आणि त्यांतील फरक सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रुग्णाला मधुमेह असेल आणि घरी साखर मोजण्याचे यंत्र असेल, तर रुग्णवाहिकेची वाट पाहताना रक्तातील साखर मात्र जरूर पाहावी, कारण साखर फार खाली गेल्यावर हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणे दिसू शकतात.

इतक्या घाईने खरोखर फरक पडतो का, असा प्रश्न लक्षणे गेलेल्या माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ऑक्सफर्ड येथे झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीआयए किंवा सौम्य पक्षाघातानंतर तातडीने तपासणी करून लगेच औषधे सुरू केली, तेव्हा पुढच्या ९० दिवसांतील पक्षाघाताचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाला. त्या रुग्णांना दिलेली औषधे नेहमीचीच होती. ती आठवड्यांऐवजी पहिल्या दिवशीच सुरू झाली, एवढाच बदल केला गेला होता.

तपासण्या आणि ‘संशयित’ हा शेरा

पूर्वी २४ तासांत लक्षणे गेली की त्याला टीआयए म्हणत असत. आता एमआरआयमध्ये मेंदूचा भाग मृत झाल्याची खूण दिसते की नाही यावर निदान ठरते, आणि अर्ध्या तासात बरे वाटलेल्या काही जणांच्या एमआरआयमध्येही छोटा पक्षाघात होऊन गेल्याचे आढळते. त्याशिवाय मानेतील रक्तवाहिन्यांची डॉप्लर किंवा सीटी अँजिओग्राफी, ईसीजी, हृदयाचा इको, साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाच्या रक्तचाचण्या सामान्यतः सांगितल्या जातात. मानेतील मुख्य रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली निघाली आणि लक्षणे त्याच बाजूची असली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. ती करायची ठरल्यास दोन आठवड्यांच्या आत केल्याचा लाभ सर्वाधिक असतो. त्यामुळे ‘चतुर्थी झाल्यावर बघू’ हे उत्तर इथे चालत नाही.

हृदयाची अनियमित लय, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, एका ईसीजीत सापडेलच असे नाही. ती येते आणि जाते. म्हणून डॉक्टर २४ तास किंवा त्याहून अधिक काळ अंगावर बांधायचे होल्टर यंत्र सुचवतात, तेव्हा ‘ईसीजी तर नॉर्मल आला’ म्हणून ते टाळू नये. ही लय सापडली तर औषधांचा प्रकारच बदलतो.

अनेकांच्या कागदावर शेवटी ‘संशयित टीआयए’ एवढेच लिहिलेले असते. अर्धशिशी, फेफऱ्याचा (अपस्माराचा) एक प्रकार, कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड, साखर कमी होणे या सगळ्यांत मिळतीजुळती लक्षणे दिसतात, आणि घटना उलटून गेल्यावर कोणत्याही चाचणीला प्रत्येक वेळी खात्री देता येत नाही. या शेऱ्याचा अर्थ ‘काही नव्हते’ असा घेऊ नये. न्यूरॉलॉजिस्ट दुसरे कारण निश्चित करीत नाहीत तोपर्यंत तो टीआयएच होता असे धरून औषधे आणि पथ्य चालू ठेवणे शहाणपणाचे असते. प्रसंग पाहणाऱ्या व्यक्तीने काय दिसले, कोणत्या बाजूला दिसले आणि किती वेळ टिकले, हे त्याच दिवशी लिहून ठेवले, तर महिन्याभरानंतरच्या भेटीत त्या कागदाचा उपयोग महागड्या चाचणीइतका होऊ शकतो.

वय पन्नाशीच्या आत असेल तर तपासणी आणखी पुढे जाते. हृदयाच्या कप्प्यांमधील लहान छिद्र, रक्त गोठण्याचे विकार, मानेतील रक्तवाहिनीच्या अस्तराला पडलेली चीर अशी कारणे शोधली जातात. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडाकड मोडून घेण्याची सवय असलेल्यांनी ती या निमित्ताने कायमची सोडावी, कारण मानेला दिलेल्या हिसक्याने अशी चीर पडू शकते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी ही गोष्ट कोणी विचारण्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावी.

औषधे, जिथे सर्वाधिक गोंधळ होतो

रक्तस्राव नाही आणि हृदयाची लय ठीक आहे असे दिसल्यावर, जास्त धोका असलेल्या टीआयएमध्ये सामान्यतः ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही दोन औषधे एकत्र सुरू केली जातात. २०१३ आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी या जोडीचा फायदा पहिल्या काही आठवड्यांत असल्याचे दाखवले. ती बहुतेक वेळा २१ दिवस दिली जाते आणि नंतर त्यांतील एकच औषध पुढे चालते. प्रत्यक्षात मात्र दोन टोकांच्या चुका घडतात. काही जण २१ दिवस झाले म्हणून दोन्ही गोळ्या बंद करतात, तर काही जण जुनीच चिठ्ठी फार्मसीत दाखवून वर्षभर दोन्ही घेत राहतात आणि पोटातील रक्तस्रावाचा धोका विनाकारण वाढवून घेतात. यावर साधा उपाय आहे. रुग्णालयातून निघण्यापूर्वी कोणती गोळी कोणत्या तारखेला थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहावी.

एट्रियल फिब्रिलेशन असेल तर रक्त पातळ करणाऱ्या वेगळ्या गटाची औषधे लागतात. त्यांतील ॲपिक्साबॅन, डॅबिगॅट्रानसारख्या नव्या औषधांचा एक डोस चुकला तरी संरक्षण काही तासांत घटते. संधिवाती तापामुळे हृदयाची झडप अरुंद झालेल्यांना किंवा धातूची (यांत्रिक) कृत्रिम झडप बसवलेल्यांना मात्र वॉरफरिन किंवा ॲसिट्रोमसारखे जुने औषधच घ्यावे लागते आणि त्यासाठी आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी ठरल्या वेळी करावी लागते. या जुन्या औषधांचा परिणाम हिरव्या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वाने बदलतो. पालेभाजी सोडायची गरज नाही, पण पावसाळ्यात तायकिळा, तांबडी भाजी आणि अळू रोज पानात येऊ लागले आणि एरवी आठवडाभर पालेभाजी नाही, असे झाले की आयएनआर वरखाली होतो. वर्षभर साधारण सारख्या प्रमाणात खाल्ली, म्हणजे डोसही त्याप्रमाणे बसवता येतो.

कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ असतानाही स्टॅटिनची गोळी का, ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात निघते. ही गोळी रक्तवाहिन्यांतील चरबीचे साठे स्थिर ठेवण्यासाठीही असते. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांत टीआयएनंतर वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ७० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला जातो, तर प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी लोकांसाठी असते. स्नायू फार दुखू लागले तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे, कारण डोस किंवा औषध बदलून बहुतेकांचा प्रश्न सुटतो.

अंगदुखीसाठी घरात असलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या या औषधांबरोबर घेतल्यास रक्तस्राव वाढतो आणि रक्तदाबही चढतो, म्हणून दुखण्यावर आधी पॅरासिटामॉलचा विचार करावा. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याने पित्तासाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल परस्पर आणू नये, कारण त्यामुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. पर्याय कोणता, ते डॉक्टरांना विचारावे. आयुर्वेदिक काढे, लसणाच्या कॅप्सूल किंवा इतर पूरक गोळ्या घेत असल्यास त्याही सांगाव्यात. लपवण्यासारखे त्यात काही नाही, पण न सांगितल्याने नुकसान होते. दात काढायचा असेल तेव्हा दंतवैद्याला औषधांची यादी दाखवावी आणि गोळी बंद करायची की नाही, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच ठरवावे. काळी शौच, न थांबणारा घोळणा फुटणे, लघवीत रक्त किंवा डोक्याला मार लागणे यांपैकी काही घडल्यास त्याच दिवशी दाखवावे.

घरी रक्तदाब मोजणे

टीआयएनंतर पक्षाघात टाळण्याच्या उपायांत रक्तदाब आटोक्यात ठेवण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही, आणि तो महिन्यातून एकदा दवाखान्यात मोजून कळत नाही. दंडाला पट्टा बांधायचे डिजिटल यंत्र घ्यावे. मनगटावरची यंत्रे कमी भरवशाची असतात. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागावा, कारण लहान पट्ट्याने आकडा खोटाच वर दिसतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे आणि हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि रात्री, असे सात दिवस वहीत लिहिलेले आकडे डॉक्टरांच्या निर्णयाला पुरतात. बहुतेक रुग्णांत १३०/८० च्या खाली राहणे हे उद्दिष्ट असते, मात्र फार वयस्कर, उभे राहताच चक्कर येणाऱ्या किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसासाठी ते वेगळे असू शकते. एखादा चढा आकडा पाहून जास्तीची गोळी घेऊ नये. आकडा १८०/१२० च्या वर असून सोबत डोकेदुखी, छातीत दुखणे किंवा बोलण्यात फरक असेल तर १०८ ला फोन करावा.

एप्रिल-मेच्या उकाड्यात घामाने पाणी जाते आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर रक्तदाब फार खाली येऊ शकतो. या दिवसांत उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर उभे राहूनही एकदा मोजावे आणि डोस कमी करण्याबद्दल विचारावे.

मीठ, मासळी आणि पावसाळा

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे स्वयंपाकातले, पावातले, लोणच्यातले, पापडातले सगळे धरून साधारण चहाचा एक सपाट चमचा. गोव्यातील घरात हे गणित शीत-कढीने, म्हणजे भात आणि नारळाच्या आमटीने, बिघडत नाही. बिघडते ते पानाच्या कडेला वाढलेल्या गोष्टींनी. सकाळी अकराच्या पेजेसोबत भाजलेले सुके बांगडे किंवा मिठाच्या पाण्यात ठेवलेली तोरे (कैऱ्या), दुपारी मिस्कुट (कैरीचे लोणचे) किंवा पापड, चहाबरोबर फरसाण, रात्री कोणी आणलेले चोरीस-पाव (गोवन सॉसेज आणि पाव), यांतील प्रत्येक गोष्ट थोडीच असते, पण मिठाची मर्यादा त्यांच्यातच संपते.

त्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असल्यामुळे ताजी मासळी कमी आणि महाग होते आणि पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या, डब्यांतील खारे बाहेर निघते. ज्या घरात नुकताच मिनी स्ट्रोक होऊन गेला आहे, त्या घरात मे महिन्यातील ही साठवणच वेगळी करावी, असे मला वाटते. डब्यात असलेली सुकी सुंगटे (कोळंबी) खायची नाहीत असे रोज स्वतःला बजावण्यापेक्षा ती अर्धीच भरणे सोपे जाते. त्याऐवजी आळसांदे (चवळीचा प्रकार), मूग, चणे, वाटाणे भरावेत. आळसांद्यांचे तोणाक, मुगागाठी आणि भरपूर भाज्यांचे खतखते हे पावसाळ्यातील जेवण मासळीवाचून अडत नाही. सुकी मासळी खायचीच झाली तर रात्रभर भिजवून पाणी दोन-तीनदा फेकावे. मीठ काही प्रमाणात उतरते, सगळे जात नाही, म्हणून तिची पाळी महिन्यातून एखाद्या वेळीच यावी.

मिठाची सवय एका दिवसात तोडल्यास जेवण बेचव वाटून सगळा बेत फसतो. दर आठवड्याला थोडे कमी करीत गेल्यास काही आठवड्यांत जीभ सरावते, आणि आपल्याकडे त्यासाठी कोकम, चिंच, तिरफळ, आले, कोथिंबीर अशी चव भरून काढणारी सामग्री घरातच असते. कमी सोडियमचे मीठ हाही एक पर्याय आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील मोठ्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघात कमी झाल्याचे दिसले. पण त्यात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

ताज्या बांगड्यात आणि तारल्यात हृदयाला उपयुक्त अशी चरबी असते आणि ती महागड्या इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) कमी नाही. हुमण (माशाची आमटी) किंवा भाजलेला मासा नेहमीसाठी आणि रवा लावून तळलेला कधीतरी, एवढा बदल पुरे. नारळाबद्दल घरोघरी वाद होतात. खोबरेल तेलात संपृक्त चरबी ८० टक्क्यांहून जास्त असते, त्यामुळे स्वयंपाकासाठी दुसरे तेल वापरणे बरे. कढीतील नारळ मात्र एकदम बंद करण्याऐवजी निम्म्यावर आणावा. माणसाच्या जेवणातून त्याची कढीच काढून घेतली, तर चौथ्या दिवशी तो शेजारी जाऊन जेवेल. मधुमेहींनी उकड्या तांदळाचाही डोंगर न करता भाताइतकीच भाजी पानात घ्यावी. श्रावणी सोमवार किंवा एकादशीचा उपवास करायचा असल्यास मधुमेहाच्या गोळ्यांचे आणि इन्सुलिनचे काय करायचे, ते आधी विचारून घ्यावे.

दारू आणि तंबाखू

सिगारेट, बिडी, गुटखा आणि मिशेरी यांपैकी काहीही ‘थोडे’ चालत नाही. दात घासण्याच्या निमित्ताने घेतली तरी मिशेरी तंबाखूच असते. सोडताना पहिले काही दिवस फार कठीण जातात. त्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते आणि निकोटीनच्या गोळ्या किंवा इतर औषधे डॉक्टर देऊ शकतात. घरातील इतरांनी रुग्णासमोर ओढणे बंद केल्याशिवाय यातले काही टिकत नाही.

फेणीला आपल्याकडे औषधाचा मान आहे, पण तिच्यात ४० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते आणि पक्षाघाताविरुद्ध तिचा काही उपयोग नाही. एका बैठकीत भरपूर पिण्याने रक्तदाब चढतो आणि हृदयाची लय बिघडू शकते, त्यामुळे कार्निव्हल, शिगमो किंवा लग्नाच्या रात्री आठवडाभराचा संयम भरून काढणे रोजच्या एका पेगापेक्षाही घातक ठरू शकते. पहिले काही महिने पूर्ण बंद ठेवणे हाच सोपा नियम आहे.

चालणे, थकवा आणि मन

हातापायांत अशक्तपणा उरला नसेल तर डॉक्टरांच्या परवानगीने काही दिवसांतच चालायला सुरुवात करता येते. पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे, मग हळूहळू वाढवत आठवड्याला एकूण १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. मिरामारचा किनारा किंवा कांपालचा रस्ता सर्वांच्या वाट्याला येत नाही, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाने पडणे हा वेगळाच अनर्थ आहे. त्या दिवसांत घराचा सोपा, देवळाचा सभामंडप किंवा बाजाराचे छत असलेली जागा चालण्यासाठी पुरते.

टीआयएनंतर अनेकांना काही आठवडे विलक्षण थकवा येतो, लक्ष लागत नाही, नावे आठवत नाहीत. स्कॅन चांगला आला म्हणून हे सगळे मनाचे खेळ आहेत असे घरच्यांनी म्हणू नये. कामे सकाळी उरकावीत, दुपारी थोडी झोप घ्यावी, एका वेळी एकच काम करावे. रात्री मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे आणि दिवसा पेंगणे असे दिसत असेल तर झोपेच्या चाचणीबद्दल विचारावे, कारण झोपेतील श्वासरोध रक्तदाब वाढवतो आणि त्यावर उपाय आहे.

भीती हा या दुखण्याचा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. हाताला साध्या मुंग्या आल्या तरी पुन्हा तेच झाले असे वाटते, रात्री एकटे झोपवत नाही, आणि कुटुंबप्रमुखाला ते कोणाला सांगवत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिले, जेवण-झोप बिघडली किंवा कशातच रस राहिला नाही, तर पुढच्या भेटीत ते सांगावे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावरही बोलता येते.

गाडी, प्रवास आणि पुढची भेट

दुचाकीवाचून गोव्यात अडते हे खरे, तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत हँडल हातात घेऊ नये. ब्रिटनमध्ये टीआयएनंतर किमान एक महिना गाडी चालवण्यास मनाई आहे, आणि तो महिना आपणही पाळणे योग्य. टॅक्सी, बस किंवा ट्रक चालवणाऱ्यांनी, तसेच जहाजावर किंवा आखातात नोकरीला परतणाऱ्यांनी तंदुरुस्तीचा दाखला घेण्याआधी ही घटना लपवू नये. समुद्रात असताना दुसरा झटका आल्यास रुग्णालय कित्येक तास दूर असते.

घरच्या व्यवस्थेत शेवटची गोष्ट म्हणजे पुन्हा लक्षणे दिसल्यास कोणी काय करायचे, हे ठरवून ठेवणे. तोल जाणे, नजर बिघडणे, चेहरा वाकडा होणे, हात खाली पडणे, शब्द अडखळणे, यांतील एकही दिसले तरी वाट पाहायची नाही, हे घरातील लहान मुलांनाही शिकवावे. दिवाडी किंवा चोडण बेटावर राहणाऱ्यांनी रात्री शेवटची फेरीबोट किती वाजता असते आणि त्यानंतर काय करायचे, हे १०८ च्या कर्मचाऱ्यांशी किंवा आपल्या आरोग्य केंद्रात आजच बोलून घ्यावे. सत्तरी, सांगे, काणकोणातील आडबाजूच्या वाड्यांत घर सहज सापडेल अशी खूण सांगण्याचा सराव ठेवावा. औषधांची यादी, ॲलर्जी, डॉक्टरांचे नाव, शेवटचा एमआरआय आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ ठेवावे. या योजनेत तीन किंवा कमी सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र ते ठरावीक उपचारांसाठीच असल्यामुळे आपला उपचार त्यात बसतो का, ते रुग्णालयाच्या खिडकीवर आधीच विचारावे आणि कार्डाची मुदत संपलेली नाही ना, तेही पाहावे.

तीन महिन्यांनंतरच्या भेटीला रक्तदाबाची वही, साखरेचे आकडे, नवा कोलेस्टेरॉलचा अहवाल आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन जावे. यादीपेक्षा पाकिटे बरी, कारण एकच औषध दोन वेगळ्या नावांनी घेतले जात असल्याचे तिथेच लक्षात येते. कोणती गोळी कायम घ्यायची, कोणता आकडा अजून उद्दिष्टाबाहेर आहे, हृदयाची लय पुन्हा तपासायची का आणि गाडी कधी चालवता येईल, हे चार प्रश्न आधी लिहून न्यावेत आणि उत्तरे डॉक्टरांसमोरच त्याच कागदावर टिपून घ्यावीत.